आधी वेलांटी, मग अक्षर

बारावीचे निकाल लागून कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की घरोघरी लॅपटॉपची खरेदी निघते. दुकानात रॅम, डिस्क, बॅटरी असे सगळे विचारून झाले की एक प्रश्न हमखास येतो : ‘यात ऑफिस आहे ना?’ दुकानदाराचे उत्तरही ठरलेले असते. काही दिवसांची चाचणी प्रत आहे, पुढे वर्गणी भरा. नाहीतर ‘आपण टाकून देऊ’. या ‘टाकून देऊ’मध्ये आपल्याकडच्या संगणक साक्षरतेचा निम्मा इतिहास सामावलेला आहे, पण त्याकडे नंतर येऊ. कोणी सीनियर सांगतो की लिबरऑफिस फुकट आहे. कोणी म्हणतो, गूगल डॉक्स असताना वेगळे काही हवेच कशाला? कॉलेजने स्वतःचा ई-मेल दिला असेल, तर त्यावर मायक्रोसॉफ्टचे ऑफिस शिकत असेपर्यंत मोफत मिळण्याची शक्यता असते. चर्चा शेवटी किमतीवर आणि सवयीवर येऊन थांबते. मराठीत लिहिणाऱ्या, निदान मराठीतही लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मात्र हा प्रश्न प्रोग्रामचा नाही, फाईलमध्ये नेमके काय साठते याचा आहे. गेल्या चाळीस वर्षांत मराठी टंकलेखनाने वर्डस्टारपासून गूगल डॉक्सपर्यंत अनेक प्रोग्राम पाहिले. प्रोग्राम गेला म्हणून फारसे नुकसान झाले नाही. फाईलमध्ये चुकीची गोष्ट साठली म्हणून जे नुकसान झाले, ते अजून भरून निघालेले नाही.

सुरुवात टंकलेखन यंत्रापासून करावी लागते, कारण पुढच्या घोळाचे मूळ तिथे आहे, आणि गंमत अशी की यंत्रावर तो घोळ नव्हताच. १९५५ साली गोदरेज अँड बॉइसने भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. १९६० साली मराठी भाषकांचे राज्य झाले, १९६४चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला, आणि मंत्रालयापासून पंचायत समितीपर्यंत मराठी टंकलेखकांची गरज निर्माण झाली. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ, पहिल्या मजल्यावर, पत्र्याच्या पाटीमागे टायपिंग इन्स्टिट्यूट उभ्या राहिल्या. ‘मराठी तीस’ आणि ‘मराठी चाळीस’ ही सरकारी परीक्षेची नावे नोकरीच्या अर्जांत पदवीच्या बरोबरीने लिहिली जाऊ लागली. या इन्स्टिट्यूटमध्ये शिकवली जाणारी कळांची मांडणी रेमिंग्टन या नावाने ओळखली जाई, आणि ती यंत्राच्या सोयीने ठरलेली होती. देवनागरीची अक्षरे, मात्रा, अर्धी व्यंजने आणि जोडाक्षरे इंग्रजीसाठी घडवलेल्या चौकटीत बसवायची, तर अक्षराचे तुकडे करणे भाग होते. कागदावर जे डावीकडे उमटते ते आधी टंकायचे, हा साधा नियम. ‘कि’ हवा असेल तर आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क. ‘धर्म’ हवा असेल तर ध, मग म, आणि शेवटी म वर रफार. उच्चारात र आधी आणि म नंतर, पण यंत्राला उच्चाराशी देणेघेणे नव्हते. ते बरोबरच होते. यंत्रातून बाहेर येत होता तो कागद. कोणती कळ आधी दाबली याची नोंद कागदावर राहत नाही. वाचणाऱ्याला ‘धर्म’ दिसतो, विषय संपला.

संगणकाने हा विषय पुन्हा उघडला, कारण संगणक कागदाच्या अलीकडे आणखी एक गोष्ट ठेवतो : फाईल. फाईलमध्ये अक्षराचे चित्र नसते, अक्षरांना दिलेले क्रमांक असतात. मग प्रश्न येतो की क्रमांक कशाला द्यायचे? उच्चारल्या जाणाऱ्या वर्णाला की कागदावर दिसणाऱ्या तुकड्याला? या प्रश्नाचे योग्य उत्तर भारतात फार लवकर सापडले होते, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. कानपूरच्या आयआयटीत सत्तरच्या दशकापासून भारतीय लिप्यांवर काम सुरू होते. तिथे तयार झालेला देवनागरी संगणक १९८३ साली दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात दाखवला गेला. त्यातून पुढे आलेले जिस्ट नावाचे तंत्र १९८८मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. जिस्ट कार्ड म्हणजे संगणकात बसवायची एक पाटी. ती बसवली की डॉसवर चालणारे साधे इंग्रजी प्रोग्राम पडद्यावर देवनागरी दाखवू लागत. वेगळा मराठी वर्ड प्रोसेसर घ्यायची गरज नाही. जो आहे त्यातच मराठी. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने इस्की हे मानक जाहीर केले. त्यात ब्राह्मीतून निघालेल्या भारतीय लिप्यांना एकच क्रमांकमाला होती आणि साठवणूक उच्चाराच्या क्रमाने होती. ‘कि’ म्हणजे आधी क, मग वेलांटी. ‘धर्म’ म्हणजे ध, र, हलन्त, म. रफार डोक्यावर नेऊन ठेवणे हे यंत्राचे काम, लिहिणाऱ्याचे नव्हे. याच विचारावर इनस्क्रिप्ट कळफलकाची मांडणी बेतलेली होती : डाव्या हाताला स्वर आणि त्यांची चिन्हे, उजव्या हाताला व्यंजने, आणि एकदा शिकले की कोणत्याही भारतीय लिपीला लागू.

म्हणजे १९९१ साली, पुण्यातच, मराठी मजकूर नीट कसा साठवायचा हे ठरलेले होते. तरीही पुढची पंधरा-वीस वर्षे महाराष्ट्राने नेमके उलटे केले. का? आळस, अज्ञान, सरकारी अनास्था अशी उत्तरे तोंडावर असतात, पण ती पुरी पडत नाहीत. विंडोज आले आणि त्यापाठोपाठ घरगुती छपाईचा म्हणजे डीटीपीचा धंदा आला. पेजमेकरमध्ये पान लावायचे, लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग काढायचे, प्लेट करायची, छापायचे. ज्या प्रेसमध्ये खिळे जुळवणारे कंपोझिटर होते तिथे एक संगणक आणि एक टायपिस्ट आला. पेजमेकरला इस्की कळत नव्हते, अक्षरे जुळवून जोडाक्षर करणे त्याला माहीत नव्हते. त्याला कळत होता फक्त फाँट. मग तोड निघाली, आणि ती कल्पक होती हे कबूल केले पाहिजे : इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे ठेवलेला फाँट करायचा. संगणकाला वाटते की आपण इंग्रजी ए, बी, सी, कंस आणि पौंडाची खूण दाखवतो आहोत. पडद्यावर दिसतो अर्धा त, काना आणि रफार. तुकडे ठेवायचेच आहेत तर इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या बोटांना सवयीच्या ठिकाणीच का ठेवू नयेत? रेमिंग्टन मांडणी जशीच्या तशी संगणकावर आली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूची आकृती, खुद्द सी-डॅकचे आयएसएम आणि त्याबरोबर येणारे योगेश-सुरेख हे फाँट, शिवाय हातोहात फिरणारा शिवाजी : साऱ्यांची जातकुळी हीच. अक्षरे देखणी होती. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रके, पाठ्यपुस्तकांची गाइडे झपाट्याने निघू लागली. मराठी छपाईला या फाँटांनी जे दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण फाईलमध्ये आता मराठी राहिली नव्हती. यंत्रावर कागदाबरोबर संपणारा तो टंकण्याचा क्रम आता कायमचा साठू लागला होता, आणि तोही प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या क्रमांकांत. याचा सर्वांत बोलका पुरावा एक्सेलमध्ये मिळतो. अशा फाँटात विद्यार्थ्यांची नावे टंकून आडनावाप्रमाणे लावायला सांगा. शिंदे श मध्ये, निकम न मध्ये, दिघे द मध्ये येत नाहीत. शिंदे, निकम, दिघे, भिडे, किर्लोस्कर, पिंगळे ही सगळी मंडळी एकाच ठिकाणी गोळा होतात, कारण संगणकाच्या दृष्टीने त्या सर्वांचे पहिले अक्षर एकच आहे : ऱ्हस्व वेलांटी. बाकीची नावेही वर्णमालेप्रमाणे नव्हे, तर त्या फाँटात त्या तुकड्याला मिळालेल्या इंग्रजी अक्षराप्रमाणे लागतात. वर्डमध्ये प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ येते, कारण वर्ड तो इंग्रजी शब्द म्हणून तपासतो. त्याहून खाष्ट प्रकार म्हणजे वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करण्याची वर्डची सोय. इंग्रजीत ती उपकारक, पण इथे छोट्या अक्षराच्या जागी मोठे अक्षर आले की पूर्ण त चा अर्धा त होतो किंवा भलतेच काही उमटते. म्हणून मराठी टायपिस्ट नवीन संगणकावर बसला की आधी ऑटोकरेक्ट बंद करी. ज्या ऑफिस सॉफ्टवेअरची किंमत त्याच्या शोध, क्रमवारी आणि शुद्धलेखन तपासणीसाठी मोजायची, त्यातले काहीच मराठीला मिळत नव्हते. मराठी माणसाकडचे वर्ड आणि एक्सेल हे महागडे, किंवा ‘टाकून दिलेले’, टंकलेखन यंत्रच होते.

याचा फटका विद्यापीठांना सर्वांत जास्त बसला, कारण पत्रिकेचे आयुष्य लग्नापर्यंत असते आणि प्रबंध राहावा म्हणून लिहितात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमावलीने पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे आवश्यक केले आणि ते शोधगंगा या भांडारात ठेवण्याची व्यवस्था झाली. तोवर मराठी प्रबंधांची रीत पक्की झाली होती : हस्तलिखित विद्यापीठाजवळच्या डीटीपीवाल्याकडे द्यायचे, त्याने त्याच्या फाँटात करून द्यायचे, मार्गदर्शकांनी कागदावर तपासायचे. त्या फाईलींचे पीडीएफ आज उघडले तर पान सुरेख दिसते. त्यातली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा, की टिंबे, कंस आणि अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग उमटते. शोध घेणाऱ्या यंत्राला दिसते ती हीच रांग. ‘वारकरी’ किंवा ‘कूळकायदा’ असा शब्द घालून कोणी शोधले तर त्या विषयावरचा अख्खा प्रबंध समोर असून सापडत नाही. मोडीशी तुलना करण्याचा मोह होतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत आणि वाचणारे मोजके. पण मोडी शिकता येते, तिचे वर्ग भरतात. मालकीच्या क्रमांकांत अडकलेल्या मजकुराची लिपी माणसाने शिकण्यासारखी नसते.

युनिकोडमुळे हे सारे मिटायला हवे होते, आणि पुष्कळसे मिटलेही, पण लोक समजतात तितक्या चटकन नव्हे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१चीच, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली. सामान्य माणसाच्या संगणकात ते पोचले विंडोज २०००मुळे. त्यात मंगल हा फाँट होता, आणि तो घडवला होता आपल्या सुलेखनकार र. कृ. जोशींनी. पण विंडोज एक्सपीवर मराठी दिसावी म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांची फाईल बसवावी लागे, आणि त्या वेळी संगणक विंडोजची मूळ सीडी मागे. ‘टाकून दिलेल्या’ विंडोजवाल्याकडे ती कुठून असणार? मंगलमधला हिंदी वळणाचा ल आणि श मराठी डोळ्याला खुपे. ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ साली, तोवर ‘ॲसिड’ कसे लिहायचे यावर प्रत्येकाची वेगळी क्लृप्ती. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे प्रमाणित करणारा निर्णय काढला तो नोव्हेंबर २००९मध्ये. पेजमेकरला शेवटपर्यंत युनिकोड कळले नाही, आणि त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट जुळवण्याची सोय आली २०१२च्या सुमारास. तोवर प्रकाशक आणि वृत्तपत्रे जुन्या फाँटांना धरून राहिली तर त्यात नवल नाही. वाईट वाटते ते त्यांच्याबद्दल नाही. ज्यांना छापायचे नव्हते, फक्त लिहायचे, शोधायचे आणि साठवायचे होते, त्यांनीही छपाईवाल्यांची सवय स्वतःची मानली, याचे वाईट वाटते.

ही सवय घट्ट व्हायला दुसरेही कारण होते. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखो लोकांच्या हाताला माऊस दिला. सरकारी नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक झाल्यावर गल्लोगल्ली केंद्रे निघाली. गृहिणी, शिक्षक, तलाठी, शेतकऱ्यांची मुले एका छपराखाली संगणक शिकली. असे काम फार थोड्या राज्यांत झाले. पण या लाटेत संगणक म्हणजे विंडोज आणि काम म्हणजे वर्ड-एक्सेल-पॉवरपॉइंट, हे समीकरण राज्यभर पक्के झाले. त्याच काळात केरळने शाळांचे संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. तिथली मुले वेगळा प्रोग्राम शिकली आणि तरी पुढे नोकऱ्यांना अडली नाहीत. जर्मनीत जन्मलेले स्टारऑफिस १९९९मध्ये सन कंपनीने विकत घेतले, २०००मध्ये त्याचा मूळ कोड ओपनऑफिस या नावाने खुला केला, आणि ओरॅकलने सन घेतल्यावर २०१०मध्ये त्याच कोडमधून लिबरऑफिस निघाले. या घडामोडी महाराष्ट्रात फार थोड्यांना कळल्या. केंद्र सरकारने ओपनऑफिसची भारतीय भाषांतली रूपे सीडीवर फुकट वाटली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिबरऑफिसचे पाठ मराठी आवाजातही तयार केले. पण ‘टाकून देऊ’पुढे फुकटाचे काय चालणार? ज्याला महाग वस्तू फुकट मिळते त्याला मुळात फुकट असलेली वस्तू हलकी वाटते. चोरीच्या प्रतींनी मायक्रोसॉफ्टचा किती तोटा केला याच्या चर्चा होतात. त्या प्रतींनी मुक्त सॉफ्टवेअरचा किती तोटा केला, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की सगळे जग वर्ड वापरते, कॉलेज वर्डची फाईल मागते, पुढे ऑफिसात वर्डच असणार. मग इतिहास कशाला उगाळायचा? हे म्हणणे निम्मे बरोबर आहे, आणि मी वर्डच्या विरुद्ध नाही. वर्डची जुनी डॉक फाईल मायक्रोसॉफ्टशिवाय कोणाला नीट उकलत नसे. ओपन डॉक्युमेंट हे खुले मानक २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाले, २००७च्या ऑफिसबरोबर मायक्रोसॉफ्टने डॉकएक्स आणले, आणि ते आंतरराष्ट्रीय मानक व्हावे की नाही यावर २००७-०८मध्ये जगभर मतदान झाले, त्यात भारताने विरोधी मत दिले. मानक ते झालेच. त्या लढाईत कोण बरोबर होते हा वेगळा विषय, पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने फलित चांगले झाले : डॉकएक्सही आज दाबून बांधलेल्या मजकुराच्या फाईलींचा गठ्ठा आहे आणि लिबरऑफिस तो उघडते. रकाने सरकतात, तक्ते हलतात, समीकरणे कधी बिघडतात हे खरे. पण मजकूर हरवत नाही. उलट श्रीलिपीत टंकलेली फाईल अस्सल परवान्याच्या वर्डमध्ये केली तरी मजकूर हरवलेलाच आहे. आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या उत्साही प्रचारकांनाही हे ऐकवले पाहिजे, की जुन्या फाँटात टंकलेली फाईल ओपन डॉक्युमेंटमध्ये साठवली तरी फळ तेच. पाकीट खुले असले म्हणून आतले पत्र वाचता येते असे नाही.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे आणि म्हणून जास्त वजनदार. रेमिंग्टनवर ज्यांचा हात बसला आहे, ज्यांचे घर पानामागे मिळणाऱ्या पैशांवर चालते, त्यांनी वेग का सोडावा? सोडू नये. कळ दाबण्याचा क्रम आणि साठवण्याचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेमिंग्टन मांडणीने टंकून युनिकोडमध्ये साठवणारे कळफलक कधीचे मिळतात. वेलांटी आधी दाबली तरी प्रोग्राम ती अक्षरामागे नेऊन ठेवतो. बोटांना शिक्षा न करता फाईल सुधारता येते. नव्या विद्यार्थ्याला मात्र रेमिंग्टन शिकण्याचे कारण नाही. फोनवर रोमन अक्षरांतून मराठी टंकणारी पिढी लॅपटॉपवरही तसेच करते. त्याने काम चालते, पण प्रत्येक शब्दाला सुचवलेल्या पर्यायांतून निवड करत पन्नास पानांचा प्रकल्प लिहिणे म्हणजे वेळेची उधळपट्टी. विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत इनस्क्रिप्ट आधीपासून असते, त्याला पैसे पडत नाहीत, आणि उच्चाराच्या क्रमाने टंकायचे असल्याने मराठी येणाऱ्याला ते अवघड जात नाही.

तिसरे म्हणणे असे, की जुन्या फाँटांचे युनिकोड करून देणारी साधने आहेत, मग ओरड कशाची? आहेत, आणि प्रचलित फाँटांसाठी बरी चालतात. पण त्यांची मर्यादा या तंत्रातच आहे. फाईलमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही एकाच क्रमांकांत साठलेली असतात. फाँटाची खूण पुसली गेली, उदाहरणार्थ मजकूर नुसता ई-मेलमध्ये चिकटवला, की कोणता शब्द मराठी आणि कोणता इंग्रजी हे यंत्राला सांगता येत नाही. प्रबंधातली इंग्रजी संदर्भसूची मराठी समजून बदलली जाते आणि तिचा चिवडा होतो. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य, दुर्मीळ जोडाक्षरे, संस्कृत अवतरणे इथे हमखास चुका होतात, आणि त्या ओळ न ओळ वाचून माणसालाच काढाव्या लागतात. ते वाचन कोणी करायचे? प्रबंध लिहिणारा केव्हाच नोकरीला लागलेला असतो.

चौथा आक्षेप आजच्या पिढीचा : गूगल डॉक्समध्ये युनिकोडच आहे, फाईल हरवत नाही, कुठूनही उघडते, तेव्हा हा सगळा इतिहास आता संपला. अक्षरांपुरता संपला, हे मान्य. पण फाईल कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न नव्या रूपात परत आला आहे. गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये संगणकावर दिसणारी गूगल डॉक्सची ‘फाईल’ ही मुळात मजकूर नसलेली चिठ्ठी असते. मजकूर गूगलकडे असतो. ती पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली आणि खाते बंद झाले, तर हाती राहतो तो पत्ता. कॉलेजने दिलेले खाते शिक्षण संपल्यावर बंद होऊ शकते, आणि तीन वर्षांच्या टिपणांसकट होऊ शकते. मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीचे ऑफिस वर्गणी संपल्यावर फाईल दाखवते, छापू देते, पण तिच्यात बदल करू देत नाही. पूर्वी डीटीपीवाल्याच्या संगणकाच्या प्रिंटर-पोर्टात फाँटचे कुलूप लावलेले असे. ते काढले की अक्षरे गेली. आता कुलूप खात्याच्या पासवर्डात आहे. उपाय सोपा आहे आणि कंटाळवाणा आहे : सत्र संपले की आपले लेखन ओपन डॉक्युमेंट किंवा डॉकएक्स रूपात उतरवून घ्यायचे. हे करणारा विद्यार्थी मग कोणते ऑफिस वापरतो याला फारसे महत्त्व उरत नाही. मला विचाराल तर घरच्या लॅपटॉपवर लिबरऑफिस, गटाने करायच्या कामाला गूगल डॉक्स, आणि कॉलेजकडून रीतसर मिळत असेल तोवर मायक्रोसॉफ्टचेही, अशी सांगड बहुतेकांना पुरते. हिशेबशास्त्र किंवा संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोठ्या एक्सेल फाईलींशी आणि त्यांतल्या मॅक्रोंशी गाठ असेल, तर त्याला एक्सेलला पर्याय नाही, आणि त्याने उगाच तत्त्वासाठी हाल करून घेऊ नयेत.

शेवटचा आक्षेप सर्वांत खरा आहे. विद्यार्थी निवडतो कुठे? मार्गदर्शक म्हणतात त्या स्वरूपात, विभागाला चालते त्या फाँटात आणि डीटीपीवाल्याकडे असते त्या पॅकेजमध्ये प्रबंध होतो. टंकलेखन यंत्राच्या काळी सरकारी परीक्षेने कळफलक ठरवला, नव्वदीत प्रेसने फाँट ठरवला, पुढे अभ्यासक्रमाने प्रोग्राम ठरवला. लिहिणाऱ्याला कोणी विचारले नाही. म्हणूनच या प्रश्नाचा निकाल लॅपटॉपच्या दुकानात लागणार नाही, तो विद्यापीठाच्या नियमपत्रकात लागेल. तिथे कागदाचा आकार, डावा समास, दोन ओळींतले अंतर आणि बांधणीच्या कापडाचा रंग यांची बारकाईने नोंद असते. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि पीडीएफबरोबर मूळ फाईलही द्यावी, अशी आणखी एक ओळ तिथे मावेल. मूळ फाईल मागायची ती अशासाठी, की युनिकोडमध्ये केलेल्या पीडीएफमधूनही देवनागरी उचलताना मात्रा कधी कधी इकडच्या तिकडे होतात. तपासणीसाठी तज्ज्ञाचीही गरज नाही. प्रबंध स्वीकारणाऱ्या कारकुनाने मूळ फाईल उघडून तिच्यातला कोणताही परिच्छेद उचलावा, ई-मेलच्या कोऱ्या चौकटीत चिकटवावा, आणि तिथे मराठी दिसली तर पावती फाडावी.